टेप लावायची नाही म्हटलं होतं

पुतण्याच्या लग्नात नवरदेवाची गाडी म्हणून माझी गाडी जाणार आहे, हे मला फुलवाल्याकडून कळलं.

मी मोहोळच्या एका लॉजवर टॉवेलचे गठ्ठे उतरवून घेत होते. फोन वाजला. अनोळखी आवाज.

"मॅडम, गाडीचा फोटो टाका की. बॉनेट केवढं हाय बघून जाळी करायला घेतो."

"कसली जाळी?"

"फुलांची. नवरदेवाची गाडी न्हवं का तुमची?"

त्याला माझा नंबर माझ्या दिरांनी, म्हणजे नवरदेवाच्या वडिलांनी, दिला होता. आम्ही एकाच घरात राहतो, खाली ते, वर आम्ही. जेवणं रोज एकत्र होतात. आदल्या रात्रीच आम्ही समोरासमोर बसून पंगतीत शेंगापोळी ठेवायची की लाडू यावर वाद घातला होता. गाडीचा विषय निघाला नव्हता. निघायची गरजच कुणाला वाटली नव्हती. भिंतीवरचं घड्याळ न्यायला कुणाला विचारतात का, तसंच.

गाडी माझी आहे. माझ्या नावावर आहे आणि माझ्या कमाईतली आहे. आमच्या घरचा अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना आहे. म्हणायला दोघा भावांचा, चालवतात दीर. बरीच वर्षं मी तिथं हिशेब आणि माल पाठवणं बघत होते. ते काम घरातल्या भांड्यांसारखं होतं, घासलं तर दिसत नाही, नाही घासलं तर दिसतं. मग मी ते सोडलं आणि स्वतः टॉवेल, नॅपकिन, चादरी लॉजना आणि दवाखान्यांना पुरवायला लागले. आधी रिक्षाने, मग या गाडीने. गाडी गडद निळी आहे. तिच्या बॉनेटवर, पुढच्या बंपरवर आणि दारांवर रंग वाचवायची पारदर्शक फिल्म आहे.

ही फिल्म म्हणजे मोबाइलच्या काचेवर लावतात त्यातलाच प्रकार, फक्त जाड आणि मऊ. रस्त्यावरचा खडा रंगाऐवजी तिच्यावर बसतो. आमच्याकडे साखर कारखाने सुरू झाले की प्रत्येक रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या असतात आणि त्यांच्या चाकांतून खडी उडते. मी दिवसभर त्यांच्या मागे असते. पहिल्या हंगामातच बॉनेटवर टिकल्या पडल्यासारखे रंगाचे टवके उडाले. मी ते रंगवून घेतलं आणि फिल्म लावली. हौस म्हणून नाही. गाडी हे माझं दुकान आहे.

फिल्म लावली की झालं असं नसतं. तिला सांभाळावं लागतं, आणि ते सांभाळणं अवघड नाही, फक्त रोजचं आहे. उन्हात तापलेल्या गाडीवर पाणी मारायचं नाही. कोरड्या फडक्याने धूळ पुसायची नाही, कारण धूळ म्हणजे बारीक वाळू. बोअरचं पाणी बॉनेटवर वाळू द्यायचं नाही. सोलापूरचं बोअरचं पाणी वाळलं की पांढरे ठिपके ठेवून जातं. पाणी शुद्ध करायच्या मशीनमधून वाया जाणारं पाणी आमच्याकडे बादलीत साठवतात, जाऊबाई तेच गाडीला वापरायच्या. त्यात तर क्षार आणखी जास्त. म्हणून नळाला पाणी येतं त्या सकाळी मी दोन बादल्या बाजूला काढते, एक साबणाची, एक साधी. कबुतराची विष्ठा दिसली की ओला कपडा तिच्यावर ठेवायचा, ती भिजू द्यायची, मग उचलायची. घासायची नाही. आणि फिल्मच्या कडेला नख, पाण्याचा जोराचा फवारा किंवा चिकटपट्टी लावायची नाही. कड उचलली की खाली धूळ शिरते आणि मग ती पुन्हा बसत नाही.

एवढंच. यात हसण्यासारखं काय आहे, मला अजून समजलेलं नाही. पण घरात हा रोजचा विनोद होता.

"अक्कांची गाडी म्हणजे घरातली सून. ऊन लागू देत न्हाईत, वारा लागू देत न्हाईत," जाऊबाई म्हणायच्या.

"सुनेला कुणी एवढं जपलं असतं तर!" मी म्हणायचे, आणि त्या तेवढ्यापुरता विषय बदलायच्या.

"प्लास्टिक हो, वहिनी, प्लास्टिक," दीर म्हणायचे. "मिठाईच्या बॉक्सला असतं ते. लोक काढून टाकतात, तुम्ही पूजा करता."

याच माणसाने कारखान्यात नवीन माग आणला तेव्हा त्याच्याजवळ कुणाला चप्पल घालून येऊ दिलं नव्हतं. रोज संध्याकाळी त्याच्यावर धुतलेली चादर घालून जायचे. तेल कुठलं, कुणी घालायचं, फडका कुठला, सगळं ठरलेलं. त्याला आमच्या घरात मेन्टेनन्स म्हणतात. मी तेच केलं तर ते नखरे.

त्या संध्याकाळी मोहोळहून आल्यावर मी पर्स ठेवली नाही. दीर ओसरीत निमंत्रणाच्या पत्रिकांना हळदीचं बोट लावत बसले होते. शेजारी सासूबाई, त्यांना आम्ही सगळे अव्वा म्हणतो. माझे यजमान खुर्चीत मोबाइल बघत होते.

"भाऊजी, गाडी नवरदेवाला द्यायची ठरली म्हणे."

"व्हय की. तुमचीच तर गाडी चांगली हाय घरात. माझी म्हणजे डबडं."

"मला विचारलं कुणी?"

त्यांना खरंच आश्चर्य वाटलं. "तुम्ही काय न्हाई म्हणणार होता का? पुतण्या हाय तुमचा!"

हा प्रश्न मला नेहमी थकवतो. मी हो म्हणणार होते म्हणून मला विचारायचं नाही. आणि नाही म्हणाले असते तर मी वाईट, म्हणूनही विचारायचं नाही. म्हणजे विचारायची वेळ कधी येतच नाही.

मी हो म्हणाले. पुतण्या खरंच गुणी आहे आणि त्याचं लग्न रोज होणार नव्हतं. पण मी अटी घातल्या, सगळ्यांसमोर, मोठ्याने. फुलांची जाळी आरशांना आणि दारांच्या कड्यांना रिबिनीने बांधायची. जास्तीचा आधार लागला तर दाबून बसवायच्या, गोंद नसलेल्या रबरी चकत्या लावायच्या, त्या मी आणून देईन. नवरा-नवरीची नावं मागच्या काचेवर चिकटवा. पूजा करायची ती पुढच्या काचेवर. स्वस्तिक काढा, विभूती लावा, काचेला काही होत नाही. फिल्मवर टेप लावायची नाही. एकही तुकडा नाही.

अव्वांनी मान हलवली. "काचेवर काढतो. देवाला काच चालते."

दिरांनी हळदीचा हात छातीवर ठेवला, शर्टाला डाग पडला. "टेप लावणार न्हाई म्हणजे न्हाई. शब्द दिला, वहिनी. झालं समाधान?"

यजमानांनी मोबाइलमधून डोकं वर काढून "झालं ना आता?" असं विचारलं. माझ्याकडे बघून. दिरांकडे नाही.

लग्न मंद्रूपला होतं, मुलीकडे. सकाळी मी बायकांबरोबर टेंपो ट्रॅव्हलरने पुढे गेले, कारण दागिन्यांच्या पेट्या आणि आहेराच्या साड्या माझ्या ताब्यात होत्या. गाडी नवरदेवाला घेऊन मागून आली. कार्यालयाच्या दारात बँडवाल्यांनी सुरुवात केली तशी मी बाहेर आले आणि मला बॉनेट दिसलं.

कारखान्यात खोके बांधायला वापरतात ती रुंद खाकी टेप होती. बॉनेटच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आडव्या पट्ट्या, उभ्या पट्ट्या, मध्ये झेंडू. दोन पट्ट्या तर फिल्मच्या कडेवरून आत वळवलेल्या. मधोमध पाच बोटांचे हळदीचे पंजे, लहान-मोठे, कुणाकुणाचे ते देव जाणे. माझ्या रबरी चकत्यांची पिशवी गाडीच्या मागच्या सीटवर होती, न उघडलेली.

फुलवाला फुलांवर पाणी शिंपडत उभा होता. मी त्याला बाजूला घेतलं.

"टेप लावायची नाही असं सांगितलं होतं ना?"

"मॅडम, मी रिबिनीच आणल्या होत्या. जाळी जरा हलत होती. साहेबच म्हटले टेप मार. मी म्हटलो, मॅडम रागावतील. तर म्हटले, वहिनींना मी बघतो."

वहिनींना मी बघतो.

ते वाक्य ऐकून मला काय वाटलं हे सांगायला सभ्य शब्द नाही. टेप घाईत लागली असती, विसरून लागली असती, तर मी तिथल्या तिथे चार शब्द बोलून मोकळी झाले असते. पण त्यांना आठवण करून दिली गेली होती. त्यांनी माझी अट ऐकली, तोलली, आणि माझा राग हा आवरायचा एक किरकोळ खर्च म्हणून बाजूला ठेवला.

लग्नात ओरडता येत नाही. मी आत जाऊन आहेर वाटले. अक्षता पडल्या, पंगती उठल्या, आणि सगळा वेळ गाडी उघड्यावर उभी होती. मंद्रूपचं दुपारचं ऊन. त्या उन्हात टेपचा गोंद पाघळतो आणि जिथे असेल तिथे शिजतो. मी दिरांना हात धुताना गाठलं.

"भाऊजी, जे केलं ते केलं. आता ती टेप कुणी ओढायची नाही. उद्या सकाळी सावलीत मी कोमट पाणी घालून हळूहळू काढते. ओढली तर खालची फिल्म वर येईल."

"काढा की, सावकाश काढा. कुणाची घाई हाय?" ते हसत म्हणाले. आनंदात होते. मुलाचं लग्न होतं.

हळदीची मला काळजी नव्हती. हळदीचा डाग उन्हात आपोआप उडतो. गच्चीवर कपडे वाळत घालणाऱ्या कुठल्याही बाईला हे माहीत असतं. माझ्याकडे लॉजवरून परत येणाऱ्या टॉवेलांवर मी हे कितीदा केलंय. तो पिवळा पंजा काही दिवसांत फिका होऊन गेला असता. गोंदालाही फक्त कोमट पाणी, थोडा साबण आणि बसायची तयारी लागते. म्हणजे काहीच बिघडलं नव्हतं. हे मी मुद्दाम लिहून ठेवते. त्या रात्री गाडी घरी आली तोवर काहीही बिघडलेलं नव्हतं.

सकाळी घरात सत्यनारायण. नवीन सुनेला चहा दिला, प्रसादाचा रवा भाजून दिला, आणि पाणी कोमट करून बादली घेऊन खाली उतरले. गाडी नव्हती.

जाऊबाई दारात रांगोळी घालत होत्या. "हे घेऊन गेले की कारखान्यात. म्हटले, वहिनी खाली यायच्या आत चकाचक करून आणतो. बरंच झालं, अक्का. तुमचं काम वाचलं."

मी फोन केला. उचलला नाही. पुन्हा केला. कारखान्यात मागांच्या आवाजात फोन ऐकू येत नाही हे मला माहीत आहे, तरी मी करत राहिले. बादलीतलं पाणी गार झालं.

गाडी आली तेव्हा दीर हॉर्न वाजवत आत आले.

बॉनेट पांढरं पडलं होतं. दुधावर साय धरते आणि ती चमच्याने सरकवली की सुरकुतते, तसं. काही ठिकाणी फिल्म फुगून वर आलेली, काही ठिकाणी चिकट, बोट लावलं तर बोटाला लागेल अशी. पुढच्या कडेला एक लांब पट्टी फाटून लोंबत होती. निळा रंग धुक्याआड असावा तसा दिसत होता.

"काय केलंत?"

"अहो, टेप सहज निघाली. गोंद राहिला होता आणि हळद. मग डाग काढायची गन मारली."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मागावरून उतरलेल्या टॉवेलवर तेलाचे डाग असतात. ते काढायला कारखान्यात एक पिस्तुलासारखी गन असते. तिच्यातून जोराचं रसायन उडतं, डाग विरघळतो, रसायन हवेत उडून जातं. तिच्याजवळ नाक न्यायचं नाही म्हणून नवीन आलेल्या बाईलाही पहिल्याच दिवशी सांगतात. ती गन त्यांनी माझ्या बॉनेटवर, टोकापासून टोकापर्यंत, मनापासून मारली होती.

"टॉवेलची गन गाडीवर?"

"टॉवेल नाजूक का गाडी नाजूक?" त्यांनी मलाच विचारलं. "टॉवेलाचा धागा पण हलत न्हाई त्यानं. मग लोखंडाला काय होणार? ह्ये जे पांढरं दिसतंय ना, ते वाळलं की जाईल."

"भाऊजी, फिल्म लोखंडाची नाही. तुम्हीच म्हणता ना, प्लास्टिक आहे. प्लास्टिकवर ते रसायन मारलं तर काय होतं? कारखान्यात त्यात प्लास्टिकचा मग विरघळला होता तो कुणी फेकून दिला?"

त्यांचा आवाज चढला. "तुमच्यासाठीच केलं ना? पहाटे उठून? लग्नाघरात झोप न्हाई, काय न्हाई, वहिनींची गाडी म्हणून आधी गाडी घेतली! लोक भावजयीसाठी एवढं करत न्हाईत."

"मी सांगितलं होतं हात लावू नका."

"सांगितलं होतं, सांगितलं होतं! भरून देतो तुमचं प्लास्टिक!"

"ते तर देणारच आहात. मी घेणारच आहे. पण मी दोनदा सांगितलं होतं आणि तुम्ही दोनदा हो म्हणाला होता. ते हो कशाला म्हणाला होता?"

आवाज ऐकून सगळे बाहेर आले. नवीन सून पण, हातातला चुडा धरून. अव्वा उंबऱ्यात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "होगली बिडु."

जाऊ दे, सोड. आमच्या घरात कानडी फक्त दोन वेळा बोलतात, लहान मुलांचं कौतुक करताना आणि बायकांना गप्प करताना. लग्न होऊन आल्यापासून मी हे ऐकतेय. दिरांना उद्देशून हे कधी म्हटलं गेल्याचं मला आठवत नाही, कारण त्यांनी सोडून द्यावं असं कधी काही त्यांच्याकडून घेतलंच गेलं नाही.

"अव्वा, कुणी सोडायचं?" मी विचारलं. "मीच ना?"

यजमान मध्ये पडले. "अगं, सून बघतेय. पहिला दिवस आहे तिचा. एका प्लास्टिकसाठी..."

"बघू दे. पहिल्याच दिवशी बघितलेलं बरं."

मी बादली उचलून पाणी तुळशीत न ओतता गटारात ओतलं, त्यात साबण होता.

फिल्मवाल्याच्या दुकानात गाडी नेली तेव्हा त्याने बॉनेटभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "थिनर?" मी सांगितलं. तो गरम हवेचं यंत्र लावून फिल्म सोलायला बसला. ती सलग निघेना, तुकड्यातुकड्याने आली, खपल्यांसारखी. फाटलेल्या कडेतून रसायन खाली गेलं होतं. तिथे तळहाताएवढा रंग कायमचा मंद झाला. बाकीचा वाचला. बॉनेटला नवी फिल्म लावली. पहिले काही दिवस धुवायची नाही, कडांना हात लावायचा नाही, उघड्या उन्हात ठेवायची नाही, असं त्याने पुन्हा सांगितलं.

घरी नेली असती तर काय झालं असतं हे मला माहीत होतं. सत्यनारायण झाला, आता देवदर्शन, मग मांडवपरतणी, मग पाहुण्यांना स्टँडवर सोडणं. कुणीतरी 'जरा' म्हणून नेलीच असती. म्हणून मी दुकानातून निघाले ती थेट स्टेशनजवळच्या एका लॉजवर गेले. तिथले मॅनेजर माझे जुने गिऱ्हाईक. त्यांच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये जागा मागितली. ते म्हणाले, लावा की. गाडी तिथं लावून मी रिक्षाने घरी आले. दुसऱ्या दिवशीही तेच. सकाळी रिक्षाने लॉजवर, तिथून गाडीने कामाला, संध्याकाळी गाडी परत तिथेच.

यावरून घरात जे झालं ते बॉनेटपेक्षा मोठं होतं. दिरांनी जेवताना माझ्याकडे न बघता भावाला सांगितलं, "गल्लीत लोक विचारायले. अंगणात जागा असून गाडी परक्याच्या दारात का म्हणून."

"परक्याच्या दारात तिला कुणी हात लावत नाही," मी म्हणाले.

यजमानांनी रात्री मला समजावलं की मी ताणतेय. नातं मोठं की वस्तू मोठी, असं विचारलं. मी त्यांना विचारलं की हे तुम्ही तुमच्या भावाला कधी विचारलंत, वस्तू त्याला हवी होती तेव्हा. ते कूस वळवून झोपले. जाऊबाईंनी माझ्याशी बोलणं कमी केलं, चहा मात्र देत राहिल्या. अव्वा या वेळी 'होगली बिडु' म्हणाल्या नाहीत.

मांडवपरतणीच्या आदल्या दिवशी मी अक्कलकोटच्या रस्त्यावर होते. उसाच्या ट्रॉलीमागे, नेहमीसारखी. दिरांचा फोन आला. मी गाडी कडेला घेतली.

"वहिनी."

"बोला."

मागून मागांचा खडखडाट येत होता, म्हणजे ते कारखान्यातून बोलत होते, मुद्दाम घरातून नाही.

"उद्या पोरांना मंद्रूपला न्यायचंय. मांडवपरतणी. तर म्हटलं... गाडी मिळंल का उद्या? तुम्हाला काम नसलं तर."

एवढ्या वर्षांत त्या माणसाने मला खरं प्रश्नचिन्ह असलेलं वाक्य पहिल्यांदा विचारलं. मला ते नीट ऐकू आलं आणि त्याची किंमतही कळली. दुसऱ्या दिवशी मला विशेष काम नव्हतं. नवीन सून बिचारी त्यांच्या त्या डबड्यातून माहेरी जाणार होती.

"नाही," मी म्हणाले.

"नाही?"

"नाही. गाडी मिळणार नाही."

मी कारण दिलं नाही. काम आहे म्हटलं नाही, फिल्म ओली आहे म्हटलं नाही, दोन्ही म्हणता आलं असतं. ते आणखी काहीतरी ऐकायची वाट बघत राहिले, आणि मी काही जोडलं नाही.

"बरं," शेवटी ते म्हणाले, आणि फोन ठेवला.

पोरं भाड्याच्या गाडीने गेली. मला राग अजून आहे.